उसन्या अळ्या

उजाडलं की पंपवाले कोबीच्या वाफ्यात उकिडवे बसायचे आणि अळ्या वेचायचे. शेजारी साबणाच्या पाण्याचा डबा. पान उलटं करायचं, अळी चिमटीत धरायची, डब्यात सोडायची. ऊन वर आलं की अळ्या गाभ्यात शिरतात आणि मग काही केल्या बाहेर येत नाहीत, म्हणून हे काम सकाळीच. बसताना गुडघे कुरकुरायचे. पंपवाले त्यांना म्हणायचे, "ऐकलं." ऐकून घेतलं की गुडघे जरा गप्प बसतात, असा त्यांचा अनुभव होता. बोलायला घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक कुत्रं होतं, तेही शेजारच्या दूधवालीकडे राहायला गेलं होतं. तिथे दूध होतं.

पाठीवर पंप घेऊन लोकांच्या शेतात औषध फवारण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. औषध म्हणायचं आणि विष मारायचं. धाप लागायला लागली तसं डॉक्टरनं काम सोडायला लावलं. काम सुटलं, नाव राहिलं. पंपही राहिला, ओसरीत खुंटीला टांगलेला. घरामागच्या तुकड्यावर मात्र त्यांनी कधी थेंबभर औषध पडू दिलं नव्हतं. दुसऱ्यांच्या भाजीवर काय मारलंय ते त्यांना नीट माहीत होतं. मारणारे तेच होते.

या तुकड्यातली भाजी लेकीसाठी. दर शनिवारी लाकडी खोक्यात कोबी, पालक, टोमॅटो रचायचे, वर ओलं पोतं घालायचं आणि खोकं सकाळच्या बसच्या टपावर चढवायचं. रविवारी शहरातून लेकीचा फोन यायचा, पोचलं म्हणून. सोमवारी बसवाला खोकं परत आणून द्यायचा. ते कधी नुसतं नसायचं. कधी साबणाची वडी, कधी जावयाचा जुना शर्ट, कधी नातीनं काढलेलं चित्र. चित्रात पंपवाल्यांना नेहमी सहा बोटं असायची. ते आपली बोटं मोजून बघायचे आणि चित्र भिंतीला लावायचे. एवढा त्यांचा आठवडा. बाकीचे दिवस त्याच्या मागेपुढे असायचे.

एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, खोकं पाठवू नका आता."

"का गं?"

"फ्रिजमध्ये जागा नाही."

"मागच्या आठवड्यात होती की."

"आता नाही."

"फ्रिज आकसला काय?"

"बाबा, तुम्हाला कशाला त्रास. पाण्याचे एवढे हाल चाललेत तिकडे."

ते खरं होतं. कालवा बंद झाला होता आणि पंपवाले लांबच्या हापशीवरून कॅननं पाणी आणून वाफ्याला घालत होते. पण त्रास होतोय असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. ते काही बोलणार तेवढ्यात नातीनं फोन ओढून घेतला.

"आजोबा, आई खोटं बोलते. फ्रिजमध्ये नुसत्या बाटल्या आहेत. तुमच्या भाजीत औषध असतं म्हणून नको."

"कोण म्हणतं?"

"आईच म्हणते. पानाला एक पण भोक नाही. भोक नसलं की औषध असतं. मला चट्टे उठतात ना, म्हणून आम्ही खालच्या दुकानातून आणतो. हिरव्या पाटीच्या. तिकडे सगळं सेंद्रिय असतं. कोबीला इतकी भोकं असतात."

"महाग असेल ते. मग घरातलं बाकीचं?"

"बाकीचं कमी केलं. बाबा कामाला चालत जातात. चहा एकदाच. माझे बूट पुढच्या वर्षी."

मग फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

पंपवाले वाफ्यात जाऊन उभे राहिले. कोबी हिरवागार, गुळगुळीत, एकाही पानाला भोक नाही. रोज सकाळी त्यांनीच ते पडू दिलं नव्हतं.

लेकीवर रागावता येईना. ती लहान असताना ते घास भरवायला बसले की आधी त्यांचा हात हुंगायची. "वास येतो," म्हणायची. ते उठून हात धुऊन यायचे. ती पुन्हा हुंगायची. असं दोनतीनदा झालं की आई येऊन भरवायची आणि पंपवाले ओला हात घेऊन बाजूला बसायचे. तेव्हा वास खरंच यायचा.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वेचणं बंद केलं. उजाडलं की वाफ्यात जायचे आणि नुसते बसायचे. "या," म्हणायचे. पण इतकी वर्षं वेचून वाफ्यात बीजच उरलं नव्हतं. आठवडा अर्धा गेला तरी एक अळी दिसेना. शेवटी ते डबा घेऊन दूधवालीच्या कुंपणाशी गेले. तिचा कोबी तिनं देवावर सोडला होता आणि देवानं अळ्यांवर.

"चार अळ्या द्याल का?" पंपवाले म्हणाले.

दूधवाली शेण भरत होती. ती थांबली. "काय द्याल का?"

"अळ्या. उसन्या."

"लोक साखर मागतात," दूधवाली म्हणाली.

"साखर आहे घरात."

तिनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, मग कोबीकडे हात केला. "चार कशाला, पोतंभर न्या. पण परत करायच्या असतील तर मोजून घेते."

"चारच," पंपवाले म्हणाले. "परत करीन."

त्यांनी चांगल्या दांडग्या बघून चार घेतल्या, आपल्या वाफ्यात आणल्या आणि एकेका गड्ड्यावर एकेक अशा बसवल्या. दुपारी पाणी घालायला गेले तर साळुंक्यांची जोडी वाफ्यात चोच पुसत होती.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत भोकं लागणार होती. पंपवाल्यांनी ओसरीतल्या पत्र्याच्या पेटीतून पंच काढला. पंपाचा पट्टा सैल व्हायचा तेव्हा त्याला भोकं पाडायचा, तो. पाटावर कोबीचं पान धरलं, पंच ठेवला, हातोडीचा हलका ठोका दिला. सुरेख भोक पडलं. मग पालकाला पाडली, मग कोबीच्या आतल्या पानांनाही पाडली, कारण अळी आत जाते हे त्यांना माहीत होतं. हाताखालून काम छान उतरत गेलं की माणसाला थांबावंसं वाटत नाही. त्यांचं तसं झालं. खोकं भरलं आणि नको म्हटलेलं असतानाही बसवर चढवलं.

रविवारी लेकीनं फोन केला तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, अळी गोल खात नाही."

पंपवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि सगळ्या अळ्यांचं तोंड एका मापाचं नसतं. पट्ट्याचा पंच ना? मी लहानपणी बघितलाय तो."

"अगं, मी औषध मारत नाही. वेचतो. हातानं."

"मग भोकं कशाला पाडलीत?"

याला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि त्यात साळुंक्या होत्या.

"तुम्ही पाठवत जाऊ नका," ती म्हणाली. "मला उगाच टाकून द्यावं लागतं. जिवावर येतं."

सोमवारी खोकं परत आलं. आत काही नव्हतं. पंपवाल्यांनी ओलं पोतंसुद्धा झटकून बघितलं.

त्यानंतर रविवारचा फोन कधी यायचा, कधी नाही. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "हो." मग फोन ठेवायचे. वाफ्यात भाजी मात्र येतच होती. पंपवाले ती शिजवून खायचे, एकटे, भोकांसकट आणि भोकांशिवाय.

अशात एक दिवस बाहेरच्या रस्त्यावर टेम्पो थांबला. दाराला हिरवी पाटी रंगवलेली होती. पाटीवरचं नाव आणि पानाचं चित्र पंपवाल्यांनी वाचलं, मग पुढे होऊन विचारलं, "हे दुकान शहरात आहे ना? शिवणाच्या मशीनचा आवाज येतो अशा एका बिल्डिंगच्या खाली?"

"काका, दुकानं तीन आहेत," टेम्पोवाला म्हणाला. "आवाज ऐकला नाही कुठला."

"वर एक बाई कपडे अल्टर करून देते. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात असतो. मुलीला चट्टे उठतात."

"ते सांगा ना. ती रोज येते. भाव विचारते, जाते, परत येते, मग घेते. चांगली आहे."

"तुम्ही भाजी कुणाकडून घेता?"

"औषध न मारणाऱ्याकडून. आमच्या तपासणीवाल्या बाईंना दाखवून पास झालं की. तुम्हाला द्यायचीय?"

"द्यायचीय," पंपवाले म्हणाले. "पण त्या दुकानात गेली पाहिजे. बाकी भाव तुम्ही म्हणाल तो."

टेम्पोवाल्यानं इतका वाईट सौदा करणारा माणूस आजवर पाहिला नव्हता. त्यानं लगेच तपासणीवाल्या बाईंना धाडलं.

बाईंनी माती पिशवीत भरली, पानं पिशवीत भरली, पंपवाल्यांचे हातही निरखले, पण ते पिशवीत भरले नाहीत. मग ओसरीत त्यांची नजर खुंटीवर गेली.

"हे काय?"

"पंप."

"वापरता?"

"धाप लागल्यापासून नाही."

"तरी आवारात चालणार नाही. काढून टाका."

बायकोनं हे जन्मभर सांगितलं होतं. तेव्हा पोट त्या पंपावर होतं, म्हणून तिच्या बोलण्याकडे कानाडोळा केला होता. आता पंपवाले भंगारवाल्याकडे पंप घेऊन गेले, शेवटचं एकदा पाठीवर घालूनच. भंगारवाल्यानं तो तराजूत टाकला, नळी वेगळी केली, पट्टा फेकून दिला. पट्ट्यावर भोकंच भोकं होती. येताना पंपवाले तसेच वाकून चालत होते. वाकायला आता काही कारण उरलं नव्हतं, पण पाठीला कुणी तसं कळवलं नव्हतं.

मातीचा निकाल चांगला आला. त्यांना चिकटवायच्या नंबरांचा एक गुंडाळा मिळाला. प्रत्येक गड्ड्यावर एक: शेतकरी क्रमांक सात. टेम्पोवाला म्हणाला, "काका, आता अळ्या फार वेचू नका. गिऱ्हाईकाला थोडी भोकं लागतात." दूधवालीच्या कुंपणावरून आपणहून आलेल्या अळ्यांना पंपवाल्यांनी त्यामुळे थोडी सूट दिली. प्रत्येक गड्ड्याला दोनतीन भोकं झाली की उचलायच्या. आणि उन्हं वाढली तशा हापशीच्या फेऱ्या वाढल्या. कॅनचं कडं तळहातात रुतायचं. मध्ये दोनदा खाली ठेवून धाप जिरवायची, मग पुन्हा उचलायचा.

दुकानाकडून पैसे आले की आपल्यापुरते थोडे ठेवून बाकीचे ते लेकीला पाठवायचे. पोरीच्या बुटांसाठी, असं सांगायचे. एका रविवारी लेक फोनवर जरा मोकळी झाली.

"बाबा, तुमचे पैसे पोचले. बूट नाही घेतले अजून. किराण्यात गेले. पण पोरीचे चट्टे कमी झालेत."

"चांगलं झालं."

"त्या दुकानात एक सात नंबरवाला आहे. त्याचा कोबी काय असतो, बाबा. दोनतीन भोकं, बस. आतून एकदम स्वच्छ. मी त्याच्याशिवाय घेतच नाही आता. हसू नका, पण त्याच्याकडून शिका जरा."

पंपवाले हसले नाहीत. "चांगला माणूस दिसतोय," म्हणाले.

"हातातच असतं एकेकाच्या."

फोन ठेवल्यावर पंपवाल्यांना आधी बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. पुढच्या रविवारीही तेच. सात नंबरचा पालक, सात नंबरचे टोमॅटो, पोरगी सात नंबरचे आकडे फ्रिजच्या दारावर चिकटवते. इतकं कौतुक लेकीनं आपल्या बापाचं कधी केलं नव्हतं. पंपवाल्यांना हळूहळू त्या माणसाचा राग यायला लागला. सकाळी वाफ्यात बसलं की ते पुटपुटायचे, "फार शहाणा समजतोस." मग त्याच्याच वाफ्याला पाणी घालायला हापशीवर जायचे. खरं सांगावं असं कितीदा मनात यायचं. पण भोकं पाडणाऱ्या माणसानं सात नंबर मीच म्हणून सांगितलं, तर लेक सात नंबरही टाकून देईल, ही भीती होती. भाजी तरी पोरीच्या पोटात जातेय, तेवढी कशाला घालवायची.

मग एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, सात नंबर सोडावा लागणार."

"का?"

"ह्यांच्या दुकानात काम कमी झालंय. अर्धाच पगार येणार. तुमच्या पैशातही भागत नाही. बघू, बाजारातली आणून मिठाच्या पाण्यात घालू. पोरीचं जे होईल ते होईल."

त्या रात्री पंपवाल्यांना झोप आली नाही. पहाटे त्यांनी खोकं भरलं. नंबर चिकटवले नाहीत, पण गुंडाळा खिशात ठेवला. मग लेकीच्या घरी जायचं म्हणून हात घासायला बसले. कपड्यांच्या साबणानं घासले, मग अंगाच्या साबणानं, नखं काडीनं कोरली. खोकं टपावर न चढवता मांडीवर घेऊन बसमध्ये बसले.

लेक मशीनवर बसली होती. कुणाची तरी पँट अर्धी आखूड झाली होती. जावई घरीच होता, कामाच्या वेळी घरी असलेला माणूस बसतो तसा भिंतीकडे बघत. नात धावत आली. फ्रिजचं दार सातच्या आकड्यांनी भरून गेलं होतं. पंपवाले ते बघत राहिले.

"बाबा, परत खोकं?" लेक म्हणाली.

"तो सात नंबर," पंपवाले म्हणाले, "मी आहे."

मशीनचं चाक फिरायचं थांबलं.

"बाबा, आधी भोकं, आता नंबर."

त्यांनी खिशातून गुंडाळा काढून टेबलावर ठेवला. लेकीनं तो उलगडला. सात, सात, सात.

"असा कुणीही छापून देईल."

"पंप भंगारात दिला," पंपवाले म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

लेक उठली. "दिलात?"

"तपासणीवाल्या बाई म्हणाल्या."

"आई म्हणायची तेव्हा नाही दिलात."

"नाही दिला."

ती जवळ आली. त्यांचा उजवा हात तिनं उचलला आणि नाकाशी नेला. मोठी झाल्यावर पहिल्यांदाच.

"साबणाचा वास येतो," ती म्हणाली.

पंपवाल्यांनी मान खाली घातली. यावेळीही पुरावा स्वतःच धुऊन टाकला होता. पण लेकीनं हात लगेच सोडला नाही. कॅनच्या कड्यानं तळहातावर पडलेल्या घट्ट्यावर तिचा अंगठा फिरत राहिला.

"पाणी?" तिनं विचारलं.

"हापशीवरून."

तिनं हात सोडला, खोक्यातला कोबी काढला आणि सुरी घेतली. चिरता चिरता मध्येच थांबली.

"म्हणजे तुम्ही पाठवलेले पैसे मी दुकानात दिले. दुकानानं तुम्हाला दिले. तुम्ही परत मला पाठवलेत."

"सगळे नाही," पंपवाले म्हणाले. "दर खेपेला थोडे दुकानात राहायचे."

"आणि मी चालत जात होतो," जावई भिंतीला म्हणाला.

कुणी हसलं नाही, पण खोलीतली हवा जरा सैल झाली. नात खोक्यात डोकं घालून बसली होती. "आजोबा, बोटं दाखवा," म्हणाली. तिनं मोजली. पाच निघाल्यावर ती जरा नाराज झाली.

जेवणं झाली. लेक म्हणाली, "राहा की आजचा दिवस."

"वाफ्याला पाणी कोण घालणार," पंपवाले म्हणाले. ती आणखी एकदा म्हणेल म्हणून त्यांनी चपला सावकाश घातल्या. पण तेवढ्यात पँटवाला आला आणि एक पाय आखूड, एक लांब का, म्हणून हुज्जत घालायला लागला. नातीनं खोकं आणून हातात दिलं. लेकीनं हुज्जतीतून मान वळवून, "शनिवारी पाठवा," एवढं म्हटलं आणि पुन्हा त्या माणसाकडे वळली.

बसमध्ये खोकं मांडीवर हलकं लागलं. आत बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. घरी जाऊन बघायचं. पण बस गावाबाहेरच्या वळणावर थांबली तसं त्यांनी पोतं उचलून बघितलं. तळाशी काचेची बरणी होती, झाकणाला भोकं पाडलेली, वेडीवाकडी, एका मापाची एकही नाही. आत कोबीचं पान आणि पानावर एक अळी. सकाळी कुठल्यातरी गड्ड्यातून शहरात गेली असणार.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. दार उघडलं, आत कुणी नव्हतं. कुणी असणारही नव्हतं, पण सवयीनं ते थोडं थांबले. मग कॅन घेऊन हापशीवर गेले, वाफ्याला पाणी घातलं आणि बरणी उघडून अळी मधल्या मोठ्या गड्ड्यावर ठेवली. तिनं डोकं उचललं, इकडेतिकडे केलं आणि खायला सुरुवात केली. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले.

"ऐकलं," पंपवाले म्हणाले.

कुंपणापलीकडून दूधवाली बघत होती. कुत्रं तिच्या पायाशी होतं. "पंपवाले," ती म्हणाली, "माझ्या चार यायच्यात अजून. ती एक द्या, तीन राहतील."

"ही नाही," पंपवाले म्हणाले आणि साळुंक्या येऊ नयेत म्हणून गड्ड्यावर पालथं खोकं ठेवलं. "ही लेकीकडून आलीय."